सात फेब्रुवारी २१०६ नंतरही

मी चार बाइटांचा एक रकाना आहे. टॅमरॅक नावाच्या आभासी चलनात दर काही मिनिटांनी नोंदींचा नवा ब्लॉक साखळीला जोडला जातो आणि प्रत्येक ब्लॉकच्या माथ्यावर वेळ लिहिली जाते. ती वेळ माझ्यात मावते. माझ्यावर ‘अपुरा’ असा शिक्का बसला आहे. तो मला मान्य नाही, म्हणून बोलतो आहे.

माझा जन्म २०१४ साली व्हरमाँटमधल्या एका खोऱ्यात, वेंडेल प्रुइटच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. १९७०च्या आरंभापासून सेकंद मोजण्याची रीत संगणकांच्या जगात आधीपासून होती. वेंडेलने ती उचलली. चार बाइटांत साधारण चारशे एकोणतीस कोटी सेकंद बसतात, म्हणजे एकशे छत्तीस वर्षे. सात फेब्रुवारी २१०६ रोजी मी भरेन आणि पुढच्याच सेकंदाला शून्यावर येईन. वेंडेलला हे ठाऊक होते. त्याने माझ्याशेजारी टीप लिहिली: ‘तोवर आपण कोणीच नसू.’

विधान बहुधा खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा होता.

आमच्या खोऱ्यात जमीन बाजारात जाऊ नये असे वाटले, की ती विश्वस्त मंडळाकडे नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने सोपवतात. मुदतीचा आकडा कोणी विचारत नाही. हात आपोआप तोच लिहितो. माझ्या जन्मदिवशी माझ्याजवळ ब्याण्णव वर्षे उरली होती. ही तफावत बारा वर्षे कोणाच्याही ध्यानात आली नाही.

ती ध्यानात आणली आर्डिथ कोलबर्नच्या सफरचंदाच्या बागेने. आर्डिथ एक्याऐंशी वर्षांची, मूलबाळ नाही. बागेच्या कडेला गावात राबणाऱ्या पाच कुटुंबांची घरे व्हावीत, ही तिची इच्छा. तिचा पुतण्या रॉइस मात्र स्कीच्या रिसॉर्टवाल्यांशी बोलणी करत होता. म्हणून बागेचा मालकीहक्क टॅमरॅकमध्ये नव्व्याण्णव वर्षे कुलूपबंद करायचे तिने ठरवले. ठरलेली तारीख माझ्यात उजाडेपर्यंत असा हक्क कोणालाही विकता येत नाही, आणि ती तारीखही माझ्याच मापाच्या चार बाइटांत लिहिली जाते. फेब्रुवारी २०२६मध्ये वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्याची चाचणी झाली. नऊ वर्षे आमची देखभाल करणाऱ्या ओडील गान्योंने मार्च २१२५ ही तारीख घातली.

“उघडलं,” ओडील म्हणाली.

“काय उघडलं?”

“कुलूप. आत्ता लावलं, आत्ताच उघडलं. २१२५ या रकान्यात मावत नाही, आर्डिथबाई. वरचा भाग गळून पडला आणि उरलं जानेवारी १९८९. कुलपाला वाटलं, मुदत कधीच संपली.”

“१९८९ साली माझे गुडघे दुखत नव्हते,” आर्डिथ म्हणाली. “तेवढं ठेवता आलं तर बघ.”

वेंडेल शेजारीच बसला होता. “अगं, २१०६ लिही आणि मोकळी हो. पुढचं पुढचे लोक बघतील.”

त्या क्षणी मला माझ्या निर्मात्याचा राग आला. मी चार बाइटांचा आहे, हे माझे माप आहे. त्यात न मावणारे वचन माझ्यात कोंबणे आणि फसल्यावर वचनच कापणे, हे माझ्या नावावर खपवू नये.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावाची वार्षिक सभा असते. रस्ते आणि शाळेचे विषय संपले की त्याच सभागृहात टॅमरॅकचे लोक बसतात. नियम एकच: एका जरी हरकतीला उत्तर मिळायचे राहिले, तर बदल होत नाही. ओडीलने कुलपांच्या तारखेची जागा वाढवण्याचा बदल मांडला आणि वेंडेल हरकतीला उभा राहिला.

“साठ यंत्रं साखळी चालवतात. सगळ्यांनी एकदम बदल स्वीकारला नाही, तर एकाच्या दोन साखळ्या होतील. ऐंशी वर्षांनंतरच्या भीतीसाठी हे कोण करेल? आणि करायचंच असेल, तर हा रकाना उपटूनच टाका.”

“रकाना राहील,” ओडील म्हणाली. “भिंतीवरचं घड्याळ बारानंतर एकवर येतं, म्हणून कोणी ते फेकत नाही. मागच्या ब्लॉकवरून कितवी फेरी चालू आहे ते कळतं. कुलपांच्या तारखेला मात्र आणखी चार बाइट जोडू. बदल सप्टेंबरपासून, यंत्रांना सहा महिने मिळतील.”

“आणि बाई थांबतील सप्टेंबरपर्यंत?”

“सप्टेंबरात सफरचंदं उतरायची असतात,” आर्डिथ म्हणाली. “मरायला सवड नसते. आता तू सांग, वेंडेलराव. २१०६ साली तुझं कुलूप उघडेल, तेव्हा नवं कोण लावणार? नाव सांग. मी लिहून घेते.”

तिने खरोखरच पेन काढले. वेंडेलने छताकडे पाहिले, मग ओडीलकडे.

“नाव नाही सुचत.”

“मग ही हरकत नाही. हा आळस आहे.”

सभागृह हसले. वेंडेलही हसला, पण बसण्यापूर्वी म्हणाला, “हरकत मागे घेतो. टीपही खोडतो. यंत्रांची यादी मीच करतो. निम्मे लोक माझ्याशिवाय कोणाचा फोनच घेत नाहीत.”

सप्टेंबरपर्यंत साठांपैकी अठ्ठावन्न यंत्रांनी बदल स्वीकारला. उरलेली दोन वेंडेलने स्वतः जाऊन बदलली. कुलूप लागले: सप्टेंबर २१२५.

वारस म्हणून रॉइसकडेही एक किल्ली, म्हणजे हक्क हलवण्याचा गुप्त संकेत, होती. “सहज बघतो,” म्हणत त्याने ती चालवली. मी नाही म्हणालो.

“पुन्हा बघ,” आर्डिथ शांतपणे म्हणाली.

त्याने पुन्हा चालवली. मी पुन्हा नाही म्हणालो.

मी भरेन, हे मी लपवत नाही. सात फेब्रुवारी २१०६ रोजी माझ्यासमोर जो कोणी असेल, त्याला माझी एवढीच विनंती आहे: माझ्यात शून्य दिसले तर मी संपलो असे समजू नका. ती माझी दुसरी फेरी असेल. आणि बागेच्या कुलपाला तेव्हा हात लावून बघायचा असेल, तर खुशाल बघा. साडेएकोणीस वर्षे बाकी असतील, आणि मी नाहीच म्हणेन.