चांगुणाबाईचा नंबर कोणाच्या नावावर?

बायकोचा फोन बिझी लागला की नवऱ्याच्या पोटात का दुखतं, हे मला कोणी समजावून सांगेल का? स्वतः चौकात उभा राहून तासन्‌तास फोनवर खिदळेल, त्याचं काही नाही. पण घरचा फोन दोनदा बिझी लागला की याचं डोकं फिरलंच! "कोनाशी बोलून राह्यली होती?" हे आपल्याकडे जितक्यांदा विचारलं जातं, तितक्यांदा "जेवली का?" असं विचारलं असतं, तर कितीतरी घरांत सुख नांदलं असतं. जाऊ द्या. किसनरावांचं काय झालं ते सांगते.

किसनराव देऊळघाटचे. कापसाच्या हंगामात नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला असायचे. मुक्काम तिकडेच, घरी यायचे ते सुट्टीला. बायको चांगुणा गावात राहून कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी चालवायची. बीटी कपाशी आल्यापासून सगळ्यांची बोंडं एकाच वेळी फुटतात आणि सगळ्यांना बाया आजच्या आज पाहिजे असतात. त्यात बोंडअळीची धास्ती. मग शेतकरी फोन कोणाला लावणार? चांगुणाबाईला! तिचा नंबर आजूबाजूच्या गावांत तोंडपाठ होता. टोळीतल्या बायांची रोजी त्या एका नंबरावर होती.

पण नंबर चांगुणाचा असला तरी सिम होतं किसनरावांच्या नावावर. आपल्याकडची रीतच ना ती! फोन बाईच्या हातात, कागद पुरुषाचे. नवऱ्याचे, नाही तर सासऱ्याचे, नाही तर भावाचे. त्यात कोणाला काही खटकत नाही. चांगुणालाही कधी खटकलं नव्हतं.

अडचण आली ती रेंजची. नदीकाठच्या वावरात, शेतात, फोनच लागेना. शेतकरी लावून लावून थकायचे आणि दुसरीकडून बाया आणायचे. गावातल्या स्टँडवर महेजबीनचं मोबाईलचं दुकान आहे, गावातले शेतकरी फकीर मोहम्मद यांची ती मुलगी. तिनं उपाय सांगितला. किसनराव सुट्टीला आले तेव्हा चांगुणानं विषय काढला.

"अहो, महेजबीन म्हणते का कंपनी बदलता येते. दुसऱ्या कंपनीची रेंज वावरात चांगली येते. सिम तुमच्या नावावर हाय, तं अंगठा तुमालेच द्या लागन."

"चालू नंबर कायले बदलते?"

"नंबर नाही हो, कंपनी. नंबर हाच राह्यते."

"कंपनी बदलली आन नंबर तोच? मले येडं समजते का?"

गेल्या वर्षी त्यांनी भावासोबत बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, वावर केलं होतं आणि पेरलेलं बियाणं बोगस निघालं होतं. तेव्हापासून किसनराव दुकानातला गूळही दोनदा चाखून घ्यायचे. बरं, बियाण्यावर संशय घेणं ठीक आहे. पण त्यांचा संशय बियाण्याशी थांबला नाही, तो घरात शिरला. हिला कंपनी का बदलायची आहे? जुन्या सिममध्ये असं काय आहे? सारे फोन पुरुषांचेच कसे येतात? अहो, कपाशीची वावरं पुरुषांच्याच नावावर, मग फोन काय बायकांचे येतील? पण संशयानं डोकं पकडलं की साधा हिशोबही सुचत नाही.

किसनराव वरून एकदम गोड झाले. "तू नको तरास घेऊ. मी बुलडाण्यात उतरून सारं करून देतो," म्हणाले.

आणि काय केलं माहीत आहे? बुलडाण्यात जुन्याच कंपनीच्या दुकानात गेले. सिम हरवलं, असं सांगितलं. अंगठा दिला. सिम त्यांच्याच नावावर, मग कोण अडवणार? त्याच नंबराचं दुसरं सिम हातात पडलं, ते त्यांनी स्वतःच्या दोन सिमच्या फोनमध्ये घातलं आणि नांदुऱ्याच्या बसमध्ये जाऊन बसले. इकडे चांगुणाचा फोन मुका झाला. तिनं कलाबाईच्या फोनवरून विचारलं, तर किसनराव म्हणाले, "कंपनी बदलून राह्यली ना, तवरोक बंदच राह्यते. थांब थोडीशी."

आता तिचे सगळे फोन किसनरावांच्या खिशात वाजणार होते. चोर पकडायचा होता ना त्यांना!

फोन वाजले. खूप वाजले. किसनराव कानाला लावायचे आणि श्वास रोखून गप्प राहायचे. पहिलाच आवाज आला, "बाई, सकाळी नदीवर या बरं!" किसनरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, त्यांनी फोन कापला. दोन मिनिटांनी त्याच माणसाचा पुन्हा फोन. "बाई, फोन कापून काऊन राह्यल्या? दहा-बारा बाया तरी आना, वावर सारं फुटलं." पुन्हा कापला. मग दुसरा, तिसरा. कोणी भाव विचारतो, कोणी पावसाचे ढग आलेत म्हणून रडकुंडीला येतो. एकानंही वाकडा शब्द काढला नाही. माणसानं यावर शहाणं व्हावं की नाही? पण किसनराव मनाशी म्हणाले, "लय हुशार हायेत बे हे. समजलं असन त्याईले."

इकडे गावात काय चाललं होतं, ते ऐका. शेतकऱ्यांना वाटलं, चांगुणाबाई फोन घेते आणि कापते, म्हणजे हिला दुसरीकडे जास्त भाव मिळाला असणार. त्यांनी बाहेरगावच्या बाया आणल्या. घरी बसलेल्या टोळीत कुजबुज सुरू झाली. कलाबाई तर दारात येऊन तोंडावर बोलली, "चांगुणा, थो वावरवाला जानराव म्हणते तुह्या फोनची घंटी जाते. मंग तू आमाले बंद हाय म्हून काऊन सांगतं? आमचं काम दुसऱ्या टोळीले देऊन त्याच्यावर दलाली खातं का तू?"

इतकी वर्षं एका ओळीत कापूस वेचलेल्या बाया! एका माणसाचा संशय साऱ्या गावाला लागला. चांगुणा खूप रडली. मग डोळे पुसले, मुका फोन घेतला आणि तडक महेजबीनचं दुकान गाठलं. कलाबाईही मागोमाग आली, खरं-खोटं पाहायला.

महेजबीननं फोन उलटापालटा करून पाहिला. "बाई, इतके दिवस बंद? असं नाही होत. कंपनी बदलताना जुनं सिम शेवटपर्यंत चालू राहते, बंद राहते ते मधले काही तास फक्त. थांबा, मी लावून पाहते." तिनं स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला.

घंटी गेली! आणि कोणीतरी फोन उचलला!

पलीकडून आवाज नाही. नुसता श्वास. चांगुणाला वाटलं, माझा नंबर चोरला कोणी तरी! ती फोनजवळ वाकली.

"भाऊ, तुमी कोन हाय मले माहीत नाही. पन हा नंबर माहा हाय. माह्या टोळीचं पोट हाय याच्यावर. बाया माह्या तोंडावर थुंकाच्या राह्यल्या. तुमाले काय भेटते याच्यातून?"

नांदुऱ्यात, कापसाच्या गंजीमागे उभे राहून, किसनराव ऐकत होते. नंबर अनोळखी पाहून त्यांना वाटलं होतं, आता सापडला! आणि कानात आला तो चांगुणाचा आवाज.

दुकानात महेजबीन दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, एक बोलू का? सिम ज्याच्या नावावर असते, त्यालेच दुसरं काढून भेटते. भाऊनंच तं नाही..."

"महेजबीन!" चांगुणा कडाडली. "जीभ सांभाळ! माहा मालक असा नाही. सुट्टीचा दिवस घालवून थो माह्यासाठी बुलडाण्याले गेला. साऱ्या दुनियेवर शक घेईन मी, त्याच्यावर नाही घेनार!"

फोन चालूच होता. किसनरावांच्या कानात शब्दन्‌शब्द गेला. जिच्या मागे ते पाळत ठेवून बसले होते, ती त्यांच्याचसाठी भांडत होती! फोन कापायला अंगठा सरकला, पण कापवेना.

"चांगुणा," ते म्हणाले. "मीच हाय."

कलाबाईनं तोंडाला पदर लावला. चांगुणानं हात पुढे करून फोन हळूच बंद केला, महेजबीनला दिला, आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी किसनराव गावात उतरले. घरी जायची हिंमत होईना, म्हणून दुकानासमोरच घुटमळत राहिले. तिथं फकीर मोहम्मद बसले होते. त्यांचाही कापूस अजून वावरात उभा होता.

"या किसनराव," ते म्हणाले. "मीबी फोन केलता चांगुणाबाईले. तुमीच कापला म्हना की."

"चाचा, चुकलं माह्यं. बोगस बियाण्यानं एक बार फसलो, तवापासून कोनावर भरोसाच राह्यला नाही."

"बियान्यावर शक घ्या ना! पावती मांगा, कंपनीवाल्याशी भांडा, तिथं तं तुमी गप बसले. जिथं भांडाचं तिथं तोंड नाही उघडलं आन जी बाई तुमच्या भरोशावर राह्यली, तिची पाळत ठेवली. हा कोनता इन्साफ?" चाचांचा आवाज चढला. "आन तिच्या मेहनतीचा नंबर तुमच्या नावावर होता, म्हूनच तुमाले हे जमलं. कागद तुमचे, पन गिऱ्हाईक जोडलं कोनं? उन्हात उभं राहून बोललं कोनं? शक बोंडअळीवानी असते किसनराव. बोंड वरून चांगलं दिसते आन आतून खाल्लेलं राह्यते. लय लवकर पाहा लागते."

मग किसनराव निघाले, पण घरी नाही. आधी कलाबाईच्या दारात गेले, तिथून टोळीतल्या एकेकीकडे, आणि शेवटी ज्यांचे फोन कापले होते त्या शेतकऱ्यांकडे. सगळीकडे एकच वाक्य, "तिची काही चूक नाही, मीच केलं हे." लोक हसले, बायांनी बोल लावले. कलाबाई तर म्हणाली, "लाज नाही वाटली का हो?" किसनरावांनी सगळं ऐकून घेतलं. लाज वाटत होती म्हणूनच तर दारोदार फिरत होते!

घरी आले तेव्हा चांगुणा चुलीपुढे बसली होती. त्यांनी सिम काढून तिच्यापुढे ठेवलं.

"माफ कर मले."

चांगुणानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "तुमी मले एक शब्द इचारला असता, तं मी फोनच तुमच्या हातात देला असता. तुमी इचारलंच नाही, चोरावानी कान लावून बसले. माफ केलं असं मी आज नाही म्हननार. उद्या बुलडाण्याले चाला. नंबर माह्या नावावर करून द्या, मंग पाहू."

दुसऱ्या दिवशी दोघं गेली. किसनरावांनी अंगठा दिला, मग चांगुणानं दिला, आणि नंबर तिच्या नावावर झाला. कंपनी बदलायला नियमाप्रमाणे पुढे काही दिवस थांबावं लागलं. तोवर ती रेंजसाठी बांधावर चढून बोलली, पण टोळी पुन्हा कामाला लागली. आणि नंतर जेव्हा कंपनी बदलली, तेव्हा अंगठा तिचा एकटीचा होता, कोणाला विचारावं लागलं नाही.

तर मंडळी, संशय आला तर तोंडानं विचारा, पाळत ठेवू नका. आणि आज घरी गेल्यावर एवढं बघा, तुमच्या घरातल्या बाईच्या हातात जो फोन आहे, त्याचे कागद कोणाचे आहेत? तुमचे असतील तर तिच्या नावावर करून द्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि दिल्यावर उपकार केल्यासारखं गावभर सांगत फिरू नका. तो नंबर तिचाच होता!