तेरा शेर

देवासच्या एका जीनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी तोलायचा मोठा काटा होता. १९५४ साली दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी साडेसात वाजता, त्या काट्यावर दुर्गाबाई टोकेकर येऊन उभ्या राहत. कापसाच्या गाड्या यायच्या आत उरकलं पाहिजे, ही त्यांची एक अट. दुसरी अट अशी, की वजन होईपर्यंत यजमानांनी पाठ करून उभं राहायचं. भास्करराव पूर्वी थोरल्या पातीच्या, म्हणजे देवासच्या दोन संस्थानांपैकी थोरल्याच्या, दफ्तरात होते, संस्थानं गेल्यावर तहसील कचेरीत आले. हुकूम पाळायची सवय दोन्हीकडे लागलेली. ते भिंतीकडे तोंड करून निमूट उभे राहत.

"वैनी, दम कोंडून नका धरू," काटेवाला गणोजी म्हणाला. "त्यानं काही कमी होत नाही."

दुर्गाबाईंनी श्वास सोडला. "किती?"

गणोजीनं दांडीवरचं वजन बोटभर पुढं सरकवलं, परत मागं आणलं. "दोन मण बारा शेर."

"आणि गेल्या खेपेला?"

"दोन मण बारा." मग त्याला राहवलं नाही, तो भास्कररावांकडं वळला. "त्याच्या आधीही तेच होतं. भिया, तुम्हीच बघून घ्या ना. काटा एकदम बरोबर आहे. काल यावर अठरा गाठी तोलल्या."

"हिला एकोणिसावी म्हणू नकोस म्हणजे झालं," भास्करराव पाठमोरेच म्हणाले.

एरवी दुर्गाबाई हसल्या असत्या. आज त्यांनी खाली उतरून चपला घातल्या आणि सरळ फाटकाकडे चालू लागल्या. तारीख एक ऑक्टोबर होती, नवरात्राची चौथी माळ.

आदल्या नोव्हेंबरात त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली होती. बेंबीपाशी लिंबाएवढा फुगवटा वर्षभर होता. झोपलं की आत जायचा, उभं राहिलं की बाहेर यायचा. कोणाला दाखवायची लाज, म्हणून त्यांनी तो पदराखाली ठेवला. एक दिवस पाण्याचा हंडा उचलताना आतडं तिथं अडकलं ते परत गेलंच नाही. मोटारीत घालून इंदूरला नेलं, त्याच रात्री पोट उघडलं.

आठ दिवसांनी मोठे डॉक्टर खाटेशी आले. त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"बाई, टाके मी घातले आहेत, पण तुमच्या पोटाचं ओझं ते फार दिवस पेलणार नाहीत. तुम्ही दोनशे सोळा पौंड आहात. एकशे पासष्टवर या, मग दुसरं ऑपरेशन करून पोटाची भिंत पक्की करतो. पुढच्या दिवाळीनंतर या. तोवर पट्टा बांधायचा आणि पाच शेरांच्या वर काही उचलायचं नाही."

"आणि नाही आले एकशे पासष्टवर?"

"टाके सुटतील. आज ना उद्या. त्या वेळी इंदूरला वेळेवर पोचाल, असं मी सांगू शकत नाही."

परतताना मोटारीत भास्कररावांनी मनातल्या मनात हिशेब केला. दोनशे सोळा पौंड म्हणजे दोन मण पंचवीस शेर. एकशे पासष्ट म्हणजे दोन मण. पंचवीस शेर उतरायचे, वर्षभरात.

पहिल्या दोन महिन्यांत नऊ शेर गेले. सगळ्यांना वाटलं, हे तर सोपंच आहे. तूप बंद, भात बंद, साखर बंद. सकाळी ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि ताक, संध्याकाळी मुगाचं वरण. पट्टा बांधून मिठ्या तलावाला एक चक्कर. मग गाडी मंदावली. पुढच्या तीन महिन्यांत चार शेर. मे महिन्यात धारला माहेरी माधवच्या, म्हणजे धाकट्या भावाच्या, मुलीचं लग्न होतं. तिथं आमरस होता, श्रीखंड होतं, वरपक्षासाठी मुद्दाम केलेले तुपात बुडवलेले बाफले नि लाडू होते. दुर्गाबाईंनी तीन दिवस तोंड आवरलं. चौथ्या दिवशी चुलतभावजय सगळ्यांदेखत म्हणाली, "काय गं, किती उतरलीस! काही दुखणं आहे का, की भास्करराव खायला घालत नाहीत?" बायका हसल्या. दुर्गाबाईंनी ताट पुढं केलं आणि नवऱ्याचं नाव राखण्यासाठी सहा लाडू खाल्ले. परत आल्या त्या तीन शेर वाढवून. ते तीन उतरवायला ऑगस्ट उजाडला. त्यानंतर दांडी जी दोन मण बारावर बसली, ती हलायला तयार नव्हती.

जीनमधून घरी येताना त्या वाटेत बोलल्या.

"अहो, अष्टमीचं तुलादान तेवढं होऊ दे. मग मी पानावर बसून नाही म्हणणार नाही. पट्टा बांधीन, हंडे उचलणार नाही. पण हे भाकरीचं आता पुरे."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरांना काय, सांगायला जीभ लागते. अकरा महिने मी मांजरासारखी ताक पितेय. घरात एकाला तरी कळलं का, की मी कमी झाले? तुम्हाला तरी दिसतंय का?"

भास्कररावांना दिसत नव्हतं. रोज बघणाऱ्याला दिसत नाही. पण ते खरं बोलणारे होते आणि खोटं बोलायची ती वेळ होती, म्हणून ते गप्प राहिले. दुर्गाबाईंनी त्या गप्प राहण्याचा अर्थ बरोबर लावला.

तुलादानाचा नवस अक्कांचा. अक्का म्हणजे भास्कररावांची थोरली बहीण. पंधराव्या वर्षी विधवा होऊन आली ती भावाचं घर सांभाळत राहिली. शस्त्रक्रिया चालू असताना इस्पितळाच्या ओसरीवर बसून तिनं टेकडीवरच्या देवीला हात जोडले होते: हिला जिती घरी आण, हिच्या भारंभार गूळ तुला वाहीन. वर्षाच्या आत नवस फेडायचा होता. दुर्गाबाईंनी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, की चार लोकांसमोर पारड्यात बसायचं तर दोन मणांची होऊनच बसेन. तो निश्चय आता मोडला होता.

घरी आल्यावर नवा पेच निघाला.

"गूळ किती सांगू?" भास्कररावांनी विचारलं. "दोन मण बारा?"

"बारा कसले?" अक्का वाती वळता वळता म्हणाली. "दोन मण पंचवीस."

"अगं, ती आता तेवढी नाही."

"मी नवस बोलले तेव्हा होती ना? तेव्हा जेवढी होती तेवढी देवीनं वाचवली. तिनं वाचवताना काही कमी वाचवली नाही, मग मी गूळ कमी का देऊ? नवस बोलून मग देवीला वजनात फसवलेलं कधी ऐकलंयस तू?"

"वन्सं, पारडं समान नाही व्हायचं," दुर्गाबाई म्हणाल्या.

"ते पुजाऱ्याला कळेल. तू तुझी भाकरी खा. तीही आता चार दिवसच खाणार आहेस म्हणे!" तिच्या कानावर सगळं जायचं.

अष्टमीला सकाळी टेकडीच्या पायऱ्यांवर माणसांची रीघ होती. गणोजीनं मंडीतला मोठा तराजू वर चढवला होता आणि देवळाच्या पटांगणात तीन बांबूंच्या तिकाटण्याला टांगला होता. दुर्गाबाई पायऱ्या चढल्या. पाच ठिकाणी थांबल्या, पण चढल्या. वर आल्यावर गर्दी पाहून त्यांनी पदर पुढं ओढला. अर्धी मराठा गल्ली आली होती, कचेरीतली माणसं होती, खातेगावकडची यात्रेकरू मंडळी नुसती गंमत म्हणून थांबली होती.

"बळकट दोर आहे ना रे?" मागून कोणी तरी विचारलं. हशा पिकला.

"दोर बळकट आहे, तुम्हीच बसता का बापूसाहेब?" गणोजीनं उलट विचारलं. बापूसाहेब स्वतः काही बारीक नव्हते. हशा तिकडं वळला.

दुर्गाबाई पारड्यात मांडी घालून बसल्या. डोळे मिटले. पुजारी मोरोपंतांनी संकल्प सांगितला. हमालांनी समोरच्या पारड्यात गुळाच्या भेल्या रचायला सुरुवात केली. त्या एकेक मोजत होत्या असं नाही, पण प्रत्येक भेलीबरोबर खालची जमीन सुटते की काय, याची वाट पाहत होत्या. मग ती सुटली. पारडं हळूच डुललं आणि वर निघालं. त्या तराजूच्या दोऱ्या धरून डोळे मिटून बसल्या. आता हमाल थांबतील असं त्यांना वाटलं. ते थांबले नाहीत. अक्का शेजारी उभी राहून "अजून, अजून" म्हणत होती. शेवटची भेली पडली तसं समोरचं पारडं धाडकन फरशीवर टेकलं आणि दुर्गाबाई माणसाच्या छातीइतक्या वर जाऊन हेलकावू लागल्या.

"अरे, बई तो ऊँची चली गी!" खातेगावची एक म्हातारी ओरडली.

दुर्गाबाईंनी डोळे उघडले. हसं झालं, असं त्यांच्या मनात आलं. आणि लगेच लक्षात आलं, की या वेळचं हसणं निराळं आहे. आपण वर आहोत आणि सगळ्यांची तोंडं आपल्याकडं वर झालेली आहेत.

"अक्कासाहेब, गूळ जास्त झाला. काढा," मोरोपंत म्हणाले. "तुला समान झाली पाहिजे."

"देवीच्या नावाचा गूळ एकदा पारड्यात पडला तो पडला. मी काढू देणार नाही."

"मग समान कशी व्हायची?"

"गुरुजी, थांबा," गणोजी म्हणाला. त्यानं पिशवीतून वजनं काढली आणि दुर्गाबाईंच्या पारड्यात त्यांच्या मांडीला लागून एकेक ठेवायला लागला. पाच शेरांचं लोखंडी वजन. पारडं जरा खाली आलं. आणखी एक पाच शेरांचं. मग दोन शेरांचं. मग एक शेराचं. दांडी थरथरली आणि आडवी झाली.

"तेरा," गणोजी म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

पटांगणात घंटा वाजली, मोरोपंतांनी अक्षता टाकल्या, लोक देवळाकडं वळले. दुर्गाबाई पारड्यातच बसून त्या काळ्या वजनांकडं पाहत होत्या. चार तुकडे होते. त्यांनी पाच शेरांच्या एकाला हात घातला. ते एका हातानं जेमतेम हललं.

"वैनी! हात नका लावू, डॉक्टरांची मनाई आहे ना?" गणोजी धावला. "भिया, तुम्ही उचला."

भास्करराव पुढं झाले. कारकुनाची अंगकाठी. सगळी वजनं एकदम उचलून आपण काही तरी करून दाखवावं, असं त्यांना त्या दिवशी का वाटलं कोण जाणे. त्यांनी चारही ओंजळीत नि कवेत घेतली, आणि चार पावलं गेले तोवर त्यांची मान फुगली आणि धोतर सुटायला आलं.

"ठेवा, ठेवा! पायावर पाडून घ्याल!" दुर्गाबाई ओरडल्या.

त्यांनी वजनं पायरीवर ठेवली आणि धापा टाकत खाली बसले. दुर्गाबाई उतरून त्यांच्याजवळ आल्या.

"हे मी घेऊन फिरत होते," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघरातून विहिरीवर. विहिरीवरून माडीवर. दिवसातून वीस वेळा."

"झोपतानासुद्धा," भास्करराव धाप आवरत म्हणाले. "मला दिसायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

"तुम्हाला कसं दिसणार? मलाच दिसलं नव्हतं."

अक्का गुळाचे खडे वाटत आली. प्रसादाला नाही म्हणता येत नाही. दुर्गाबाईंनी तिच्या ताटातून ज्वारीच्या दाण्याएवढा खडा उचलून जिभेवर ठेवला.

"एवढासा?" अक्कानं विचारलं.

"देवीला चालतो, वन्सं. तिला सगळा मिळालाय."

उरलेलं ताट अक्कानं खातेगावच्या म्हातारीपुढं धरलं.

उतरताना निम्म्या पायऱ्यांवर दुर्गाबाई थांबल्या. भास्कररावांना वाटलं, दम लागला.

"इंदूरला डॉक्टरांना एक कार्ड टाका. दिवाळीनंतर जमत नाही म्हणावं. अजून बारा शेर आहेत."

"होळीपर्यंतची मुदत मागू?"

दुर्गाबाईंनी बोटांवर मोजायला घेतलं. "दिवाळीत फराळ आहे, एक महिना फुकट गेला धरा. संक्रांतीला तीळगूळ. होळीला पुरण. मग आंबे येतील. धारला माधवच्या धाकटीचं ठरतंय, तेही उन्हाळ्यातच. नाही, होळी नको. पुढचा दसरा लिहा."

"आणखी एक वर्ष? डॉक्टर हसतील गं."

"हसू देत," दुर्गाबाई पट्टा जरा आवळून घेत म्हणाल्या. "टाके माझ्या पोटावर आहेत." आणि पुढची पायरी उतरल्या.