मे महिन्यात उसनी गेलेली करवत

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे, आणि हसू नका, पण झाडांवर माझा जीव आहे. पातं बाकदार, मूठ लाकडी. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका गावात लोवेल आणि व्हर्ना या नवराबायकोच्या गॅरेजमध्ये एका खिळ्याला मी टांगलेली असते.

लोवेल माझं फार करायचा. एक झाड छाटून झालं की दुसऱ्याला लावण्याआधी स्पिरिटनं माझे दाते पुसायचा, म्हणजे याचा रोग त्याला जायला नको. "हिच्यासारखी करवत अख्ख्या गल्लीत नाही," असं चारचौघांत सांगायचा आणि मी फुगायचे. त्याचा एक नियम होता. एप्रिल ते जुलै ओकच्या झाडाला हात लावायचा नाही.

मग लोवेलला अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवा हात गेला. व्हर्ना त्याला रोज दुपारी अंगणातल्या ओकखाली खुर्चीत बसवायची. तेवढ्या सावलीत त्याचा चेहरा जरा निवायचा. दिवसभरात त्याला सुख म्हणून तेवढंच होतं.

मे महिन्यात शेजारचा क्रेग कुंपणाशी आला. त्याच्या मुलीची शाळा संपली होती, शंभर माणसं जेवायला येणार होती.

"व्हर्ना, जरा करवत देता का? आमच्या ओकची फांदी मंडपाच्या आड येतेय."

व्हर्ना थांबली. "आत्ताच कापताय होय?"

"शनिवारी पार्टी आहे ना."

"हो का. बरं, बरं. फांदी तशी लहानच आहे म्हणा."

आमच्या भागात 'नको' म्हणायची ही अशी रीत. क्रेगला ती कळली नाही. ओकखाली बसलेला लोवेल डाव्या हातानं खुर्चीवर थापा मारू लागला. "कळतंय रे मला," व्हर्ना हळूच म्हणाली, "पण एवढ्या आनंदाच्या कामात कसं अडवू?" आणि तिनं मला खिळ्यावरून काढून दिलं.

मी ती फांदी कापली. झकास कापली, याचीच आता लाज वाटते.

जुलैत क्रेगच्या ओकच्या शेंड्याची पानं कडेकडेनं करपली. देठाजवळ हिरवी असतानाच ती गळू लागली. क्रेगला वाटलं, झाड तहानलंय. तो रोज संध्याकाळी पाणी मारायचा. गवत रात्रभर ओलं राहायचं, त्यावर गोल बदामी डाग पडले. पाणी पहाटे द्यावं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सप्टेंबरात ओकचा सापळा उरला होता.

पुढच्या जुलैत तशीच करपलेली पानं आमच्या ओकवरून लोवेलच्या मांडीवर पडली.

तेव्हा कुठे व्हर्नानं झाडं तपासणाऱ्या बाईला बोलावलं, क्रेगही कुंपणाशी आला. तिनं फांदीची साल सोलली, आत काळपट रेघा होत्या.

"ओकचा मर रोग आहे. शेजारचा कधी छाटला होता?"

"गेल्या वर्षी मे महिन्यात," क्रेग म्हणाला.

"त्या दिवसांत ताज्या कापाच्या वासानं किडे येतात, त्यांच्या अंगावर बुरशी असते. कापावर लगेच रंग फासला असता तरी बहुतेक वाचला असता."

"आणि आमचा?" व्हर्नानं विचारलं.

"जमिनीखाली दोघांची मुळं एकमेकांत मिसळलीत. गेल्या वर्षीच ओळखून मध्ये खोल चर खणला असता तर काही आशा होती. आता नाही."

क्रेगचा चेहरा उतरला. "व्हर्ना, तुम्हाला मे महिन्याचं माहीत होतं?"

"जाऊ द्या हो," ती म्हणाली. "पार्टी मात्र छान झाली तुमची."

दोन्ही ओक गेले. लोवेल आता गॅरेजच्या भिंतीला लागून बसतो. तिथे वीतभर सावली असते, तीही तासाभरात सरकते. नवं रोप लावलं तरी त्याची सावली लोवेलच्या वाट्याला यायची नाही.

मित्रांनो, परवा पुन्हा मे महिन्यात समोरच्या घरी ओकवर करवत चालू झाली. व्हर्ना फाटकाशी उभी होती. लोवेल थापा मारत होता. तिनं समोर पाहून हात हलवला आणि म्हणाली, "छान ऊन पडलंय, नाही?"

कापण्याआधी महिना बघा. पानं कडेनं करपताना दिसली तर जाणत्याला दाखवा. आणि शेजारी चुकत असेल तर त्याला तोंडावर सांगा, त्याला वाईट वाटलं तरी चालेल. मला आणि लोवेलला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.