शिलाई मशीनवरचं ऑफिस

सूनबाईंनी तीन वर्षं घरून नोकरी केली, ती सासऱ्यांच्या शिलाई मशीनवर. विम्याचे दावे तपासायचं काम. मशीन उलटं करून टेबलाच्या पोटात ढकललेलं, वर फळी आणि फळीवर लॅपटॉप. घरात दुसरं टेबल मावायला जागाच नव्हती. सासऱ्यांचा जन्म शिंपीकामात गेलेला. "घे गं, मला आता सुईत दोरा कुठं ओवता येतोय," म्हणत त्यांनी आपण होऊन मशीन दिलं आणि ते पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसू लागले. सुनेचा कॉल चालू असला की खोकलासुद्धा गिळायचे.

आता ऑफिसने फर्मान काढलं: सगळ्यांनी परत या. जमत नसेल त्याने अर्ज करावा आणि समक्ष येऊन कारण सांगावं. सूनबाईंचं कारण तयार होतं. नवरा दिवसभर कामावर, घरी वयस्कर सासरे एकटे. कारण खरं होतं, आणि सोयीचंही. त्यांना बसमध्ये लोंबकळायचं नव्हतं, डब्यातलं गार जेवण नको होतं आणि शेजारच्या खुर्चीतल्या चोंबड्या सहकाऱ्याचं तोंड तर मुळीच बघायचं नव्हतं. सासऱ्यांच्या म्हातारपणाआड हे सगळं बिनबोभाट खपून जाणार होतं.

कारण सांगायला ऑफिसात गेल्या त्या दिवशी साहेबांच्या केबिनबाहेर बसल्या बसल्या त्यांनी घरी फोन लावला. दोनदा तो वाजून वाजून बंद झाला. त्यांनी लगेच पुन्हा लावला. तिसऱ्यांदा सासऱ्यांनी उचलला.

"बाबा, कुठे होतात? बरे आहात ना?"

"अगं, जरा डोळा लागला होता. जेवलोय मी. तू तुझं काम कर निवांत. ठेवतो."

सासरे फोन ठेवायचे म्हणजे खरोखरच ठेवायचे, टेबलावर. तो बटण दाबून बंदही करावा लागतो, हे त्यांच्या गळी उतरवताना मुलाने हात टेकले होते. सूनबाई आपल्या बाजूने बंद करणार, एवढ्यात पलीकडून खडखड सुरू झाली. पायाच्या मशीनची एकसारखी, लांबलचक खडखड. कापड फिरवायला लागेल तेवढीच थांबे, की पुन्हा सुरू. आणि जोडीला सासऱ्यांचं गाणं, चांगलं खड्या आवाजात. तीन वर्षांत या घरात हे गाणं कोणी ऐकलं नव्हतं. म्हणजे दोरा ओवता येत होता! सूनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक अख्खी शिवण संपेपर्यंत त्यांनी फोन कानापासून हलवला नाही.

"बोला, काय अडचण आहे?" आत गेल्यावर साहेबांनी विचारलं.

"काही नाही. सोमवारपासून येते."

साहेबांनी अर्ज उलटापालटा केला. "आणि सासरे? इथे तर लिहिलंय, एकटे असतात."

"त्यांना त्यांचं काम असतं दिवसभर," सूनबाई म्हणाल्या.

संध्याकाळी घरी आल्या तर फळी जागेवर, पुसूनसवरून ठेवलेली. खाली फरशीवर निळ्या दोऱ्याचा एक तुकडा तेवढा राहिला होता. सासरे पेपराचं सकाळचंच पान उघडून बसले होते.

"बाबा, ऑफिसवाले काही ऐकत नाहीत. रोज जावं लागणार मला."

"अरेरे," सासऱ्यांनी चेहरा पाडला. "फार वाईट झालं गं." मग पेपराची घडी घालता घालता, सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "किती वाजता निघावं लागेल?"

"साडेआठला."

"आठलाच निघत जा," सासरे म्हणाले. "रस्त्यात गर्दी असते."