उलटा ठोकलेला मी

थांबा, उडी मारू नका! आधी ऐकून घ्या. मी अडथळा बोलतोय.

लगेच तोंड वाकडं करू नका. बाकीचे अडथळे लोकांना नको असतात; मला मात्र लोक हौसेने बनवतात, हौसेने रांगेत उभं करतात आणि मग माझ्यावरून घोडे उडवतात. चांगला साडेतीन फुटांचा आहे मी. चौकट लाकडाची, आत विणलेल्या काटेरी फांद्या आणि खाली जमिनीत ठोकायला दोन टोकदार पाय. तोंड नाही, पण बोलायला खूप आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आम्हाला सरळ ठोकत नाहीत. घोडा ज्या बाजूने येतो त्या बाजूपासून आम्ही जरा मागे रेललेले असतो, पोटभर जेवलेला माणूस खुर्चीत रेलतो तसे. म्हणजे घोड्याचा अंदाज बरोबर येतो आणि खूर लागलाच तर आम्ही त्याच्याच दिशेने लवतो. तोच घोडा मागच्या बाजूने आला, तर आमचं डोकं त्याच्या अंगावर येतं. अंदाज चुकतो आणि गुडघे शेकतात. बस्स, एवढंच ध्यानात ठेवा. माझी सगळी कहाणी या रेलण्यावर उभी आहे.

माझा जन्म टिपररी परगण्यातल्या एका सुताराकडे झाला. ॲशचं, म्हणजे चिवट लाकडाचं, एक मोठं झाड पडलं होतं. त्याच्या बुंध्यातून हर्लिंगच्या काठ्या निघाल्या, म्हणजे ज्या काठ्यांनी इथली माणसं चेंडू बडवतात आणि अधूनमधून एकमेकांनाही. उरलेल्या फांद्यांतून माझी चौकट झाली. भावकी मैदानात गाजली, मी कुरणात लाथा खाल्ल्या. चालायचंच. या भावकीने पुढे माझा कसा घात केला, तेही सांगतो.

सहा वर्षं शर्यतीच्या मैदानावर काढली. मग तिथे नारिंगी गाद्या घातलेले नवे अडथळे आले आणि आमची रवानगी लूबींच्या पागेत झाली. पागा ऑर्ला लूबीची. घोडे तीच तयार करते, तीच दौडवते आणि बादल्याही तीच धुते. पण घोड्याची पारख करतो तो तिचा सख्खा काका, कॉर्नी लूबी. वय एकाहत्तर, टोपीचं वय त्याहून जास्त.

दर ऑगस्टात नवे घोडे यायचे, अडथळ्यांवरून एकही शर्यत न जिंकलेले, म्हणजे नवशिके. कोण पुढे जाईल आणि कोण नाही, हे कॉर्नी फाटकाशी उभा राहून सांगायचा. म्हणजे सांगायचा काय, नुसतं "हं" म्हणायचा. एकदा "हं" म्हणाला की घोडा विकायला काढायचा. दोनदा "हं हं" म्हणाला की ठेवायचा. नाकातून "हंऽ" आला की मालकाने घरी जाऊन बायकोला विचारायचं. चाळीस वर्षांत त्याचा हं चुकला नव्हता, निदान त्याच्या तोंडावर तसं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती.

माझी पारख वेगळी. मला घोड्यांचे चेहरे ठाऊक नाहीत, पोटं ठाऊक आहेत. जन्मभर मी त्यांना खालूनच पाहत आलो. काही नवशिके घराला आग लागल्यासारखे उडतात, उगाच चार फूट वर. असे शेवटच्या वळणाला बसकण मारतात. काही वरून जाताना माझ्याकडे बघत बघत जातात, जणू खाली पाकीट पडलंय. काही अंगाला अंग न लावता, पोट आत घेऊन, झरकन निघून जातात. बिशप नावाचा एक देखणा काळा घोडा तसा होता. त्याच्यासाठी काकाने पहिल्याच दिवशी दोनदा हं म्हटलं.

आणि मग आला बटाटा.

शर्यतीच्या कागदावर त्याचं नाव 'एम्परर्स डिलाइट' असं भारदस्त होतं. पण शिंगरू असताना त्याने एका बैठकीत अर्धं पोतं बटाटे फस्त केले, तेव्हापासून घरचं नाव बटाटा. त्याच्या जन्माच्या वेळीच आई गेली, म्हणून ऑर्लाने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं. अजूनही तो तिच्या कोटाच्या खिशात तोंड घालतो. त्याचे मालक दोघं. एक गस क्विर्क. त्याचा पुढे पब आणि मागे शवपेट्यांचं दुकान. गिऱ्हाईक पुढच्या दाराने येतं आणि शेवटी मागच्या दाराने जातं. दुसऱ्या टीहनबाई, शाळेत गणित शिकवणाऱ्या.

बटाटा उडताना डावीकडे झुकायचा. म्हणून कॉर्नीने फर्मान काढलं, "याला कुंपणाच्या कडेनेच उडवा. कुंपण त्याला सरळ ठेवेल." कुंपणाच्या कडेला आम्ही तिघे जुने अडथळे होतो, आणि मी तिसरा. बाकीचे घोडे पलीकडच्या पट्ट्यात, नव्या गाद्यांवरून. आमच्या वाट्याला एकटा बटाटा.

पहिला अडथळा, झकास. दुसरा, झकास. तिसरा, म्हणजे मी, धाड!

रोज हेच. रोज दोन झकास आणि एक धाड. माझ्या फांद्या विस्कटल्या, त्याचे गुडघे सुजले. मला आत्ता पोट दिसणार म्हणावं, तर समोर छातीच यायची.

कारण मी उलटा होतो हो!

त्याचं असं झालं. जुलैत मोठं वारं सुटलं आणि मी आडवा झालो. रविवारी दुपारी कॉर्नी घण घेऊन आला. खिशात ट्रान्झिस्टर आणि ट्रान्झिस्टरवर टिपररीचा हर्लिंगचा सामना. कॉर्नीने मला उचलून हातात धरलं, नेमका त्याच क्षणी आमच्यावर गोल झाला. म्हातारा बोंबलला, मला घेऊन स्वतःभोवती एक गिरकी मारली, पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि त्याच रागात मला धपाधप ठोकलं. तोंड तिकडे हवं ते इकडे. तिकडे चेंडू मारणारी काठी माझीच भावकी, आणि इकडे उलटा झालो मी.

फांद्या दोन्ही बाजूंनी सारख्याच विस्कटलेल्या, त्यामुळे समोरून पाहणाऱ्याला काही कळायचं नाही. बाजूला जाऊन उभं राहिलं तरच माझं रेलणं दिसणार. पण कॉर्नी चाळीस वर्षं फाटकाशी उभा राहत आला होता. तो बाजूला कशाला जाईल?

त्याने आपला सिद्धांत मांडला. "ऑर्ला, या घोड्यात दोन अडथळ्यांपुरतीच हिंमत आहे. तिसऱ्याला संपते."

"काका, त्याला पाठीवर बसून मी ओळखते. तिसऱ्यापर्यंत तो ओढत असतो मला."

"पाठीवरून घोडा कळत असता तर सगळे जॉकी श्रीमंत झाले असते, पोरी. शर्यतीत आठ तरी अडथळे असतात."

"मग दोनच अडथळ्यांची शर्यत शोधा की," फाटकाशी आलेल्या टीहनबाई म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात एकच विनोद केला, तो त्या दिवशी.

गसला घाई झाली होती. किलार्नीत पर्यटकांना बग्गीतून फिरवणारा त्याचा एक मेहुणा होता, त्याला शांत घोडा हवा होता. ठरलं असं की गुरुवारी सकाळी सगळ्यांसमोर शेवटची चाचणी घ्यायची. बटाट्याने तिन्ही अडथळे नीट ओलांडले तर राहील, नाही तर गेला बग्गीला. त्या संध्याकाळी ऑर्ला त्याच्या गुडघ्यांना थंड पट्ट्या बांधत बसली. फाटकाशी नाक पुसल्याचा तिचा आवाज मला कुरणात ऐकू आला.

मी काय करणार होतो? ओरडून सांगावंसं वाटत होतं, "अरे, घोडा सरळ आहे, मी उलटा आहे!" वारा आला तेव्हा मी करकर करकर वाजूनही पाहिलं. कॉर्नी म्हणाला, "या जुन्याला कीड लागलेली दिसते. चाचणी झाली की शेगडीत घालू." घ्या!

गुरुवार उजाडला. फाटकाशी गस, टीहनबाई आणि कॉर्नी. बाईंच्या हातात थर्मास आणि हॅमचं सँडविच. ऑर्ला बटाट्यावर स्वार झाली, त्याच्या मानेशी वाकून काहीतरी पुटपुटली आणि दौड सुरू झाली.

पहिला, झकास. दुसरा, झकास. मी डोळे मिटले. मला डोळे नाहीत, तरी मिटले.

धाड!

ऑर्ला उडाली ती थेट कुंपणाच्या काट्यांत. तिथून तिने जे शब्द काढले ते टीहनबाईंनी सव्वीस वर्षांत एकाही वर्गात ऐकले नव्हते. गस हसत हसत खिशातून फोन काढू लागला. "झालं तर मग. मेहुण्याला कळवतो."

"हं," कॉर्नी म्हणाला. एकदाच.

बटाटा मात्र पाठ मोकळी झाल्यावर कुरणाच्या टोकापर्यंत गेला, थांबला आणि त्याने मान वळवली. फाटकाशी सँडविच होतं. हॅम त्याला नको होतं, पण पाव चालणार होता. तो परत फिरला आणि सगळ्यांकडे तोंड करून कुंपणाच्याच कडेने भरधाव निघाला.

या वेळी पहिला मी होतो. आणि तो माझ्या बरोबर बाजूने येत होता.

काय सांगू तुम्हाला! इतके महिने मला नुसती छाती दिसली होती. त्या दिवशी मला बटाट्याचं पोट दिसलं. गोल, गरगरीत, माझ्या माथ्यापासून हातभर उंच, चारही पाय दुमडलेले. इतकी सुंदर उडी मी शर्यतीच्या मैदानावरही पाहिली नव्हती. माझी एक काडी हलली नाही.

मग पुढचे दोघे आले. ते बिचारे जायच्या दिशेने सरळ, म्हणजे यायच्या दिशेने उलटे. धाड! धाड! दोघेही आडवे.

बटाट्याने फाटकाशी येऊन टीहनबाईंच्या हातातलं सँडविच खाल्लं. हॅमसकट.

"बघा," गस म्हणाला, "आता तर दोन पाडले. हा दिवसेंदिवस बिघडतोय." आणि तो नंबर शोधू लागला.

कॉर्नीच्या तोंडून मात्र हं आला नाही. तो आडव्या पडलेल्या दोघांकडे बघत होता, मग माझ्याकडे. मग चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो चाचणी चालू असताना फाटक सोडून कुरणातून चालत आला, माझ्या शेजारी, कुंपणात अंग घालून बाजूला उभा राहिला आणि त्याने डोळा बारीक केला.

त्याचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. आधी लाल झाला, मग पांढरा. त्याला सगळं आठवलं असणार, तो रविवार, तो गोल, ती गिरकी. त्याने हळूच मागे वळून पाहिलं. गस फोनमध्ये गुंतलेला, बाई सँडविचच्या दुःखात, ऑर्ला काटे काढत बसलेली. कुणाचंही लक्ष नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी मला धरलं आणि हलवून अर्धं वर काढलं.

मी म्हटलं, संपलं. आता मी शेगडीत, पुरावा धुरात, बटाटा किलार्नीत, आणि म्हाताऱ्याचा हं पुन्हा सोन्याचा. आमच्या गावात माणूस चोरी करून सुटेल, पण अडथळा उलटा ठोकला असं कळलं तर त्याच्या नातवंडांनाही त्यावरून हाक मारतील. कॉर्नीला हे माझ्याहून चांगलं माहीत होतं. तो तसाच थांबला, मला मिठी मारल्यासारखा, किती तरी वेळ. ऑर्लाने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते काट्यांचं नव्हतं.

"गस!" कॉर्नी ओरडला. "ठेव तो फोन!"

"का रे बाबा?"

"घोड्यात खोट नाही. हा अडथळा उलटा आहे."

"उलटा? कुणी ठोकला उलटा?"

कॉर्नीने टोपी काढली. टोपीखाली काय असतं ते गावाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"मी," तो म्हणाला. "मी ठोकला. आणि तीन महिने त्या लेकराला नावं ठेवत बसलो. ऑर्ला, पोरी, तुझा काका गाढव आहे."

ऑर्ला उठली, काटे टोचलेल्या अंगानेच त्याच्या गळ्यात पडली आणि म्हातारा "आई गं" म्हणून ओरडला, कारण आता काटे दोघांना टोचत होते. टीहनबाई बोटांवर हिशोब करून म्हणाल्या, "जाताना दोन बरोबर, येताना एक बरोबर. म्हणजे घोड्याला तीनपैकी तीन." आणि त्यांनी पुन्हा एकदा सँडविचच्या रिकाम्या कागदाकडे पाहिलं.

संध्याकाळी कॉर्नी पबमध्ये गेला तर त्याचं स्टूल भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. गसने त्याच्यासमोर ग्लास उपडा मांडला आणि विचारलं, "असाच चालेल ना?" पोस्टमन पत्रं पाठमोरा उभा राहून देऊ लागला. आठवड्याभरात कॉर्नी लूबी हे नाव मागे पडलं आणि उलटा लूबी हेच रूढ झालं.

नोव्हेंबरात बटाटा थर्ल्सच्या मैदानावर धावला. सतरा घोड्यांत चौथा आला. एकही अडथळा त्याने हलवला नाही. कॉर्नी घरी येऊन मला म्हणाला, "हं हं." मग जरा थांबून आणखी एक "हं" जोडला. तीन हं आमच्याकडे कुणी ऐकले नव्हते.

हो, मला म्हणाला. मी अजून आहे. शेगडीत नाही घातलं त्याने मला. माझे पाय आता कुजलेत, उड्या झेपत नाहीत, म्हणून त्याने मला स्वतःच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्यापुढे लावलंय. कोंबड्या माझ्यावर बसतात आणि बरंच काही करतात. घोडे बरे होते म्हणायचे. तुमच्याकडे कुणी नवशिका सारखा धडपडत असेल, तर त्याला बग्गीला जुंपण्याआधी एकदा कुंपणात शिरून बाजूने बघा. काटे टोचतील, पण बघा.

परवा टीहनबाई अंडी न्यायला आल्या होत्या. माझ्याकडे नीट निरखून बघत म्हणाल्या, "अहो लूबी, हा पुन्हा उलटाच लावलाय तुम्ही!"

"मुद्दाम लावलाय, बाई," कॉर्नी म्हणाला. "येणाऱ्याला कळायला नको, कुणाच्या घरी आलाय ते?"