पंचवीसचा दिवा

आमच्या घरात बोलायचं खातं बायकोकडे होतं. मुलीला मला काही सांगायचं असलं तर ती आईला सांगे आणि मला तिला काही विचारायचं असलं तर तेही आईमार्फतच जाई. "बाबांना म्हणावं, चष्म्याचा नंबर तपासून घ्या," असं मुलगी आतल्या खोलीतून म्हणायची. मग बायको मधल्या दारात उभी राहून माझ्याकडे बघायची. "ऐकलंत ना? की परत सांगू?" भिंत पातळ होती, मी पहिल्यांदाच ऐकलेलं असायचं. तरी पद्धत ती होती.

बायको गेली आणि ते खातं बंद पडलं. आता मुलगी रविवारी फोन करते.

"जेवलात?"

"हो. तू?"

"हो."

मग आम्ही दोघंही दुसरा काही बोलेल म्हणून थांबतो. शेवटी ती म्हणते, "बरं, ठेवते."

मुलगी शहराच्या बसवर चालक आहे. लग्नानंतर ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, पण गेल्या वर्षी तिला जो मार्ग मिळाला तो माझ्या खिडकीखालून जातो. मी पहिल्या मजल्यावर राहतो. समोर लहान मुलांची शाळा आहे आणि शाळेच्या अलीकडे एका खांबावर पिवळा दिवा. शाळा भरताना आणि सुटताना तो उघडझाप करत राहतो, आणि तो चालू आहे तोवर त्या रस्त्यावर पन्नासऐवजी पंचवीसची मर्यादा असते. खांबावर कॅमेराही आहे, तो दिव्याच्याच तंत्राने वागतो. दिवा विझलेला असला की पन्नासपर्यंत काणाडोळा करतो, दिवा लागला की कोणाची गय करत नाही.

पन्नासच्या वेगाने बस गेली की मला फक्त तावदानांची थरथर कळते. पंचवीसच्या वेगाने गेली की मुलगी दिसते. तिने केस कापलेले मला असेच कळले. बाहीला ठिगळ लावलेलं दिसलं. एकदा ती एकटीच हसत होती, का ते अजून माहीत नाही. मी सकाळी कपात चहा घेऊन खिडकीशी उभा राहतो आणि बस समोर आली की कप थोडा वर उचलतो. तीही स्टीअरिंगच्या चाकावरची दोन बोटं उचलते.

निदान मला तसं वाटायचं. बोटं काय, पकड बदलतानाही उचलली जातात. मी उभं आयुष्य वाचनालयात काम केलं, नसलेला अर्थ काढायची खोड तिथेच लागली. बस हळू होते ती कायद्यासाठी, कॅमेऱ्यासाठी, मुलांसाठी. माझ्यासाठी होते असं कोणी म्हटलेलं नाही. तिला विचारावं तर रविवारच्या फोनमध्ये 'जेवलात' आणि 'ठेवते' यांच्या मध्ये ते कुठे बसवणार? आणि ती म्हणाली, "कुठली बोटं?" तर?

छोट्या सुट्ट्यांत दिवा बंद असे आणि बस भुर्रकन निघून जाई. म्हणून मोठ्या सुट्टीची मला धास्तीच होती. पण या वर्षी सुट्टी लागली, शाळेच्या फाटकाला कुलूप लागलं, आणि दिवा मात्र सकाळ-दुपार चालूच राहिला. बस हळू येत राहिली. मी कप उचलत राहिलो.

खालच्या मजल्यावर एक टॅक्सीवाला राहतो. तो एके दिवशी जिना चढून आला.

"काका, हा काय तमाशा आहे? शाळेत चिटपाखरू नाही आणि मी आपला पंचवीसने सरपटतोय. काल एक म्हातारी काठी टेकत माझ्या पुढे गेली. वर म्हणते कशी, 'येतोस का, सोडते तुला?'"

मला हसू आलं.

"हसू नका. तक्रार करा. तुम्ही शिकलेले, गोड बोलता. मी फोन केला की भांडण होतं."

"करतो," मी म्हणालो.

मी केली नाही. त्याने जिन्यात गाठलं की "लागत नाही हो फोन" म्हणायचो. शेवटी त्यानेच रस्त्यात वाहतूक खात्याची गाडी अडवली आणि एका कामगाराला खांबापाशी आणून उभं केलं. मीही खाली गेलो. कामगाराने खांबाची पेटी उघडली आणि कपाळावर हात मारला.

"मोठ्या सुट्टीच्या तारखा यात भरायच्या राहिल्या. त्याला बिचाऱ्याला वाटतंय शाळा चालू आहे."

"आता चालू आहे तर राहू द्या ना," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "शाळा उघडायला असे कितीसे दिवस राहिलेत?"

टॅक्सीवाला माझ्याकडे बघतच राहिला. "काका! तुम्ही कोणाच्या बाजूने?"

कामगार मात्र समजुतीने बोलला. "तसं नाही करता येत, काका. मुलं नसताना दिवा लागत राहिला की लोक त्याला भीक घालेनासे होतात. मग मुलं खरंच समोर आली तरी पाय ब्रेकवर जात नाही. दिवा खोटं बोलला की संपलं."

त्याने पेटीत तारखा भरल्या. दिवा विझला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कप भरला आणि खिडकीशी गेलो. मग वाटलं, आता ती भुर्रकन जाणार आणि ते आपण उभं राहून बघणार. ते काही मला जमेना. कप तसाच ठेवून मी चपला घातल्या आणि शाळेच्या अलीकडच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. इतके दिवस हे सुचलं नव्हतं, असं नाही. कामावरच्या मुलीपुढे जाऊन काय म्हणायचं, हे सुचलं नव्हतं.

ते आजही सुचलेलं नव्हतंच. बस आली तेव्हा धीर झाला नाही आणि मी गर्दीआडून मागच्या दाराने चढलो. शेवटून दुसऱ्या बाकावर एका बाईंशेजारी बसलो. मुलीच्या मानेवरची कातरलेल्या केसांची टोकं तेवढी मला दिसत होती.

बस निघाली. खांबावरचा दिवा विझलेला होता. रस्ता मोकळा. आणि खांब आला तशी बस हळू झाली, छोट्या सुट्ट्यांत कधी झाली नव्हती तशी.

मला वाटलं, पुढे कोणी आडवं आलं. कोणीच नव्हतं. बस आणखी हळू झाली, पंचवीसच्याही खाली. मुलीची मान वळली, वर. माझ्या खिडकीकडे. खिडकी रिकामी होती. मी बाकावरून वाकून पाहिलं, दोन बोटं चाकावरून उचललेली होती, ती तशीच राहिली.

"काय झालं हो, बंद पडली का?" पुढून कोणीतरी ओरडलं.

पुढच्या थांब्यावर बस उभी राहिली, माणसं उतरली, चढली, दारं मिटली, तरी बस हलेना. ती मोबाइल कानाला लावून बसली होती. माझ्या खिशात फोन वाजला. आज रविवार नव्हता.

"बाबा, कुठे आहात? खिडकीत नव्हतात. बरं आहे ना?"

"बरं आहे. मागे आहे मी."

"मागच्या खोलीत? पडलात का?"

"तुझ्या मागे. बसमध्ये."

पुढच्या मोठ्या आरशात तिचे डोळे आले. मी हात वर केला. सवयीने, कप धरल्यासारखा. ती माझ्याकडे बघत राहिली आणि फोन कानाला असतानाच तिने हाक मारली, "पुढे या!" ती मला दोन्हीकडून ऐकू आली.

मी बसूनच होतो. शेजारच्या बाईंनी मला कोपराने ढोसलं. "ऐकलंत ना, आजोबा? पुढे बोलावतेय ती. उठा, आम्हाला कामावर पोहोचायचंय."

मी दांड्या धरत पुढे गेलो आणि तिच्या मागच्या जागेवर बसलो. तिच्या डोक्याशी पाटी होती : बस चालू असताना चालकाशी बोलू नये.

"वाचलंत?" तिने आरशातून विचारलं.

"वाचलं."

"मग शेवटच्या थांब्यापर्यंत गप्प बसा. तिथे मला चहा प्यायला वेळ असतो." तिने गिअर टाकला. "तेव्हा बोलू."