सात किलोची बॅग

भर दुपारचं घर निजलेलं होतं, आणि कणकीच्या डब्यावर ठेवलेला माझा मोबाइल खडखडला. स्टीलचं झाकण असं वाजलं की सासूबाई उठूनच बसल्या.

"काय पडलं वो सुचिता?"

"काही नाही पडलं, आत्याबाई. तिकीट आलं. माहं अन् रेणूचं."

"एस्टीचं तिकीट मोबाइलवर येते आता?"

"इमानाचं हाय. नागपूर ते बंगलोर, दिवाळीनंतरचं."

मग ओसरीवर झोपलेल्या सासऱ्यांना हाक गेली, "आयकलं का, तुमची सून उडून राह्यली."

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी रेणूचे बाबा बंगलोरला गेले आणि तिथं एका कंपनीची बस चालवू लागले. रेणू तेव्हा तीन वर्षांची होती, आता पाचवं संपत आलं. भेटायला जाऊ का म्हटलं, की घरात एकच उत्तर: रेल्वेनं जाण्यायेण्यातच चार दिवस, वेचणी कोण करीन? म्हणून मी विचारणं सोडलं आणि शोधणं सुरू केलं. रेणूला मांडीवर थोपटत थोपटत भाव बघायचे. शनिवार-रविवारचं तिकीट महाग, बुधवारी पहाटेचं स्वस्त. दोन महिने आधी काढलं तर जवळपास निम्म्यात. जेवण, खिडकीची जागा, विमा, सगळ्यापुढे आधीच बरोबरची खूण पडलेली असते. ती एकेक काढत जायची, नाहीतर प्रत्येक खुणेचे वेगळे पैसे लागतात. मोठी बॅग त्यांच्याकडे द्यायचीच नाही, तिचे पैसे वेगळे; हातात सात किलो फुकट असतं. पोरीचं पूर्ण तिकीट घेतात, तर पोरीचेही सात किलो धरायचे. दोन वेचण्यांच्या मधले दिवस मी हेरून ठेवले होते, आणि पैसे ब्लाऊज शिवून जमवलेले माझे होते. परवानगी तेवढी राहिली होती. ती मी तिकिटाच्या नंतर मागितली.

मामाजी, म्हणजे माझे सासरे वामनराव, सुपारी कातरता कातरता म्हणाले,

"काढलं ते काढलं. पण त्याच्यावर एक रुपया लागला, तं पुढच्या खेपेले नाव नाही घ्याचं."

"नाही लागणार, मामाजी."

तो एक रुपया त्या दिवसापासून माझ्या मानेवर बसला.

दिवाळी झाली. निघायच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी लेकासाठी सामान काढलं. तूरडाळ, मूगवड्या, ज्वारीचं पीठ, लोणचं. लोणचं मी परत फळीवर ठेवलं.

"हातातल्या बॅगेत ते नेऊ देत नाहीत, आत्याबाई."

"काऊन? लोणचं का बॉम्ब हाय?"

रेणूच्या बॅगेत कपडे बसले, माझ्या बॅगेत सामान. माझ्या बॅगेचं वजन करायला गेले ते भगवानरावांच्या काट्यावर. गावात कापूस घेणारा व्यापारी तोच एक, आणि मोठा काटाही त्याचाच. पाराजवळ कापसाची गाठोडी तोलणं चालू होतं. मी बॅग ठेवली. बरोबर सात.

"इमानात बसाचं, पण काटा माहाच लागते," भगवानराव म्हणाले. माणसं हसली. मीही हसले. तेवढ्यात रेणूनं गंमत म्हणून काट्यावर उडी मारली.

चौदा.

माझं हसू तिथंच थांबलं. मागच्या आठवड्यात अंगणवाडीत ही सोळा भरली होती. आठ दिवसांत माझ्या लेकराचे दोन किलो गेले कुठं? मी तिथंच तिच्या बरगड्या चाचपल्या, कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "गुदगुल्या नको करू न."

घरी गेलेच नाही. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पोरगी, तशीच अंगणवाडीत. तिथल्या सेविका रुखमाबाईंनी टांगता काटा अडकवला, रेणू दांडीला लोंबकळली.

"सोळा. पोरगी जागच्या जागी हाय तुही. काय झालं?"

मी बॅगेकडे बघितलं. "हिलेबी टांगा बरं."

आठ.

विमानतळावर त्या एका किलोचे जे पैसे मागितले असते, त्यात पाच-सहा किलो डाळ आली असती, आणि माझं पुढचं जाणं कायमचं बुडालं असतं. पण घरी पोचेपर्यंत मला बॅग दिसेनाशी झाली होती, भगवानरावांचा काटाच दिसत होता. ओसरीवर आमचा कापूस रचलेला होता. सकाळी तो त्याच काट्यावर जाणार होता.

मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. "गप राह्य. किलोभर डाळ काढ अन् जाय. गावात येऊन घेणारा तोच एक हाय."

"बॅगेतलं जास्तीचं मी काढते, मामाजी. त्यानं कापसातलं काढलं ते कोण भरीन?"

त्यांनी सुपारी अन् अडकित्ता पुढं ओढला.

सकाळी रुखमाबाईंचा काटा मागून आणला आणि पारावरच्या फांदीला टांगला. डाळ अजून काढली नव्हती.

"भगवानभाऊ, ही बॅग तोला बरं एकडाव."

त्यांच्या काट्यावर सात. फांदीच्या काट्यावर आठ. लोक जवळ सरकले.

"वयनी, तो लेकराचा काटा हाय. कापसाचा काटा येगळा राह्यते."

"अन् किलो? किलोबी येगळा राह्यते का?"

"उद्या उडाचं हाय तं आजच हवेत आली ही," ते लोकांकडे बघून म्हणाले. या वेळी कोणी हसलं नाही. "न्या तुमचा कापूस. मी घेत नाही."

"आम्ही देतच नाही."

आवाज माझ्या मागून आला. मामाजी कधी येऊन उभे राहिले, मला कळलं नव्हतं. ते कोणाकडेच बघत नव्हते. "कचरू, टेम्पो लाव. नांदुऱ्याच्या मार्केटले नेतो."

दुपारी टेम्पो भरला, तेव्हा आमच्या गाठोड्यांवर आणखी दोन घरांची गाठोडी होती. नांदुऱ्याहूनच आमची नागपूरची गाडी, म्हणजे स्टेशनपर्यंतचं ऑटोचं भाडंही वाचलं. बॅग आता अंगणवाडीच्या काट्यानं सात होती. काढलेली डाळ आत्याबाईंनी दोन पुड्या करून माझ्या स्वेटरच्या खिशांत कोंबली. अंगावरचं कोणी तोलत नाही, हे मीच त्यांना सांगून बसले होते.

मामाजी पुढं टेम्पोवाल्या कचरूजवळ बसले. मी आणि रेणू मागं, कापसावर. रस्ता खराब होता, पण खाली इतकं मऊ की पोरगी प्रत्येक खड्ड्याला खिदळत होती. मग पिंपळगाव राजा मागं पडलं तशी ती माझ्या कुशीत सरकली आणि गाठोड्यातून निघालेला कापूस बोटानं ओढत बसली.

"आई, कापूस कमी आला म्हणून बाबा गेले न?"

"हाव."

तिनं ओढलेला कापूस मुठीत धरला.

"मंग तो कमी आला होता, का काट्यानं कमी केला?"